पिशवीवरचा घेवडा

गेल्या शनिवारी लक्ष्मी मंडईत मेथी घेत होते. भाजीवाल्या अक्कांनी जुडी पिशवीत टाकता टाकता पिशवीच वळवून पाहिली आणि विचारलं, "ताई, ह्याच्यावर घेवडा का ओ काढलाय?"

बघितलं तर खरंच की. दोन शेंगदाण्याएवढे घेवड्याचे दाणे, एकमेकांकडे तोंड करून, आणि खाली इंग्रजीत कुठल्याशा अधिवेशनाचं नाव. ही पिशवी घेऊन मी किती वर्षं बाजार करतेय, पण घेवडा आजवर दिसला नव्हता. मला त्या किडन्याच दिसायच्या.

आमच्या घरात असल्या सात पिशव्या आहेत. एकीत ह्यांचा डबा जातो, एकीत कुठल्याच यंत्राला न लागणाऱ्या वायरी आहेत, एक सासूबाईंनी वारीला नेली ती पंढरपुरातच राहिली. म्हणजे सहा. सगळ्या सरांनी दिलेल्या. सर म्हणजे सोलापुरातले एक किडनीचे डॉक्टर. त्यांच्याकडे मी २००४ पासून २०२१ पर्यंत काम केलं. केसपेपर काढायचे, फायली लावायच्या, फोन घ्यायचे, आणि सरांचा पत्रव्यवहार बघायचा. बी.कॉम. झालेली बाई, मला मूत्रपिंड पोटात पुढे असतं की मागे तेही माहीत नव्हतं. (मागे. बरगड्यांच्या खालच्या बाजूला.)

सुरुवातीला मला सगळ्यात जास्त घोळात पाडलं ते दोन आयएसएननी. एक इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी, दुसरी इंडियन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी. नेफ्रॉलॉजी म्हणजे किडनीचं शास्त्र. आद्याक्षरं तीच. सर केबिनमधून हाक मारायचे, "आयएसएनची फाइल द्या हो," आणि मी हमखास नको ती घेऊन जायचे. शेवटी वैतागून एका फायलीवर पेनाने विमान काढलं आणि दुसरीवर आगगाडी. सर हसले, पण त्या दिवसापासून तेही "विमानवाली द्या" असंच म्हणायला लागले.

विमानवाली दहा वर्षांनी मोठी. तिचं पहिलं अधिवेशन १९६० साली फ्रान्समधल्या एव्हियाँला आणि तिथून जवळच जिनिव्हाला झालं. पॅरिसचे जाँ हॅम्बर्गर तिचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी अमेरिकेत सिएटलला बेल्डिंग स्क्रिब्नर नावाच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवली आणि एकाच माणसाला पुन्हा पुन्हा डायलिसिस देता येतं हे दाखवलं. त्याआधी दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची, आणि वाहिन्या संपल्या की उपाय संपला. सर म्हणायचे, तोपर्यंत किडनी गेलेला माणूस काही दिवसांचा पाहुणा असायचा, त्याच्यासाठी वेगळा डॉक्टर कशाला लागतोय? तो वर्षानुवर्षं जगायला लागला, तेव्हा त्याचा डॉक्टरही वेगळा झाला.

आगगाडीवाली १९७० ची. चंदीगडच्या पीजीआय ह्या मोठ्या सरकारी इस्पितळाचे डॉ. के. एस. चुग तिच्या संस्थापकांतले. २०१७ मध्ये ते गेले, तेव्हा सरांनी संध्याकाळची ओपीडी अर्धा तास उशिरा सुरू केली होती, एवढं आठवतं. सोसायटी निघाली तेव्हा आपल्याकडे हे शास्त्र अगदी पाळण्यात होतं. मुंबईत केईएमला १९६५ साली किडनी बसवून बघितली होती, पण तो रुग्ण काही दिवसांतच गेला. देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण वेल्लोरला झालं, १९७१ मध्ये. म्हणजे सोसायटी आधी आणि यश नंतर.

मी आले तोवर दोन्हीकडचा पसारा वाढला होता. मासिकं यायची, वर्गणीच्या आठवणी यायच्या, वार्षिक अधिवेशनं, वेस्ट झोनची वेगळी अधिवेशनं. परतताना सर पिशव्या आणायचे, त्यात पेनं, पॅड, औषध कंपन्यांची माहितीपत्रकं. माझं त्याबद्दलचं मत चांगलं नव्हतं. इथे डायलिसिसचे पैसे भरताना माणसं म्हैस विकतायत आणि तिकडे कंपन्यांच्या पैशाने जेवणावळी, असं वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. सरांना एकदा तोंडावर म्हटलं, तर म्हणाले, "जेवण चांगलं असतं हे खरं आहे." पुढे काही बोललेच नाहीत.

पण २००७-०८ च्या सुमाराला आगगाडीच्या फायलीत एक कागद आला आणि त्या सोसायटीकडे बघण्याची माझी नजर बदलली.

सोसायटीने देशातल्या जुनाट किडनी विकाराच्या रुग्णांची नोंदवही करायला घेतली होती. सक्ती कुणावर नव्हती. ज्या डॉक्टरला वाटेल त्याने आपल्याकडे आलेल्या रुग्णाची एकदा नोंद करायची, बस. सरांना वाटलं, म्हणजे काम माझं वाढलं. मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: वय, बाई की पुरुष, कुठून आले, उत्पन्न, क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो), टप्पा, कारण. ओपीडी संपली की मी वाचायचे आणि सर कॉम्प्युटरवर भरायचे. लाईट गेली की दुसऱ्या दिवशी.

वय सोपं होतं, जरी निम्म्या बायका "लिवा पन्नास" म्हणायच्या. अवघड होतं उत्पन्न. मंगळवेढ्याकडचे एक काका होते, डोक्याला टापशी, पांढऱ्या मिशा. मी विचारलं, "काका, महिन्याची कमाई किती?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हैन्याची? ज्वारी काय म्हैन्याला निघती व्हय?" मग आम्ही दोघांनी बसून पोती मोजली, त्यातून खत, मजुरी वजा केली आणि बाराने भागलं. जो आकडा आला तो बघून काका म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई, कमी हाय त्ये लिवू नका." मी लिहिला. यंत्रमागावरचे कामगार बायको शेजारी असली की वेगळा आकडा सांगायचे आणि ती बाहेर गेली की वेगळा. मी दुसरा लिहायचे.

आणि एक विडीवाली. पद्मशाली समाजातली, घरी तेलुगू बोलणारी, वय पस्तीसच्या आत. म्हणाली, "हजाराला किती देतात ते सांगते. हजार व्हायला किती दिवस लागतात ते माझ्या हाताला विचारा." तिची बोटं फुगून आली होती, तेंदूच्या पानाला कात्री लावताना वळत नव्हती. पायातली जोडवी सोनाराकडून कापून घेतली होती आणि रुमालात बांधून बरोबर आणली होती, हरवतील म्हणून. दोन महिने ती पाय सुजतात म्हणून गोळी घेत होती. गोळी दुखण्याची होती. क्रिएटिनिन अकरा.

इथे टप्प्यांचं सांगते, कारण मला ते कळायला वर्ष लागलं. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळते त्यावरून पाच टप्पे करतात. नव्वदच्या वर चांगलं, पंधराच्या खाली गेलं की पाचवा. पाचव्यानंतर सहावा नाही, डायलिसिस नाही तर दुसऱ्याची किडनी. यात फसवणारी गोष्ट अशी की निम्मं काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन फारसं हलतच नाही. दुखत नाही, खुपत नाही. लघवी होत असते, म्हणून माणूस म्हणतो, माझी किडनी बरी आहे. लघवी होणं आणि रक्त गाळलं जाणं वेगळं, हे मी काउंटरवरून किमान हजार लोकांना सांगितलं असेल. पटलं असेल दहांना.

शेवटचा रकाना कारणाचा. मधुमेह असला की काम सोपं. सर विचारायचे, साखर किती वर्षांची, डोळ्याच्या पडद्याला काही झालंय का, लघवीतून प्रथिनं जातायत का, आणि ठरवायचे. पण बरेचदा सर म्हणायचे, "लिहा, माहीत नाही."

मला ते लिहिताना कानकोंडं व्हायचं. एवढा शिकलेला माणूस, भिंतीवर चार सर्टिफिकेटं, आणि दिल्लीपर्यंत जाणाऱ्या कागदावर 'माहीत नाही'? एकदा न राहवून म्हटलं, "सर, काहीतरी घालू या ना. बीपी आहे की त्यांना."

"बीपीमुळे किडनी गेली की किडनीमुळे बीपी आलं, तुम्ही सांगता?"

"मी कसं सांगणार?"

"मग मी तरी कसं सांगणार? खोटं लिहायचं असेल तर नोंद कशाला करायची?"

पुढे त्यांनी समजावलं. असा रुग्ण येतो तेव्हा सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसलेल्या असतात, आतले थर ओळखू येत नाहीत. त्यातला तुकडा काढून तपासावा तर रक्तस्राव होण्याची भीती, आणि एवढं करून हाती लागतो तो नुसता व्रण. घर जळून राख झाल्यावर ठिणगी कुठे पडली ते शोधण्यासारखं. कारण होतं कधीतरी. पण ते सांगू शकणारी किडनी राहिलेली नसते. त्या विडीवालीपुढे मी तेच लिहिलं, 'माहीत नाही'. ती डायलिसिसला सात वेळा आली. गळ्यातल्या नळीवरून पदर घेऊन बसायची. हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी रक्तवाहिन्यांचा जोड, करायचा ठरला होता, पण तो केला तरी तयार व्हायला सहा आठवडे तरी जावे लागतात, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. आठव्या वेळेला आली नाही.

वही भरत आली तेव्हा चारशेच्या आसपास नावं झाली होती. मग सगळं आपापल्या जागी गेलं आणि मी विसरूनही गेले.

२०१२ मध्ये एका दुपारी सरांनी काही पानांची प्रिंट माझ्या टेबलावर ठेवली. वर लिहिलं होतं बीएमसी नेफ्रॉलॉजी. मला वाटलं मुंबई महापालिकेने काढलंय. ते परदेशी नियतकालिक निघालं. पहिलं नाव नडियादचे डॉ. राजापूरकर. आडनाव बघून उगाच बरं वाटलं, आपल्या राजापूरचं कुणीतरी. आणि पहिल्याच परिच्छेदात आकडा, ५२,२७३ रुग्ण.

सरांनी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. सरासरी वय पन्नास. मधुमेहामुळे किडनी बिघडलेले ३१ टक्के. आणि त्यांच्या खालोखाल १६ टक्के, कारण माहीत नाही. म्हणजे 'माहीत नाही' लिहिणारी मी एकटी नव्हते. देशभर कुणी ना कुणी संध्याकाळी दिवा लावून तेच दोन शब्द लिहीत होतं, आणि ते सगळे एकत्र आल्यावर तो या यादीतला दुसऱ्या नंबरचा आजार झाला होता. ज्या रकान्याची मला लाज वाटायची तोच वाचण्यासारखा निघाला. कारण त्या गटाबद्दल पुढे लिहिलं होतं की हे लोक वयाने लहान आहेत, यांच्यात बायकांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे, आणि हे बहुतेक पाचव्या टप्प्यातच येतात. सरकारी दवाखान्यांत आलेले रुग्ण जास्त गरीब, जास्त तरुण, आणि त्यांच्यातही हाच गट मोठा.

मी ती ओळ वाचली आणि मला रुमालात बांधलेली जोडवी दिसली.

तसे सगळे मिळून ४८ टक्के लोक पाचव्या टप्प्यात पोचल्यावरच किडनीच्या डॉक्टरपुढे आले होते. निम्मे. सर म्हणाले, "आपल्याला हे माहीतच होतं. पण माहीत असणं आणि मोजलेलं असणं यात फरक आहे. मंत्रालयात 'आम्हाला असं वाटतं' म्हणून चालत नाही." मग स्वतःच दुसरी बाजूही सांगितली. या ५२ हजारांत कोण आहे, तर जे पोचले ते. किडनीचे डॉक्टर मोठ्या शहरांत. अक्कलकोटच्या खेड्यातून जो निघालाच नाही, किंवा जी निघाली नाही, ती कुठल्याच रकान्यात नाही.

तेच मला खुपलं. १०० रुग्णांमागे ७० पुरुष आणि ३० बायका, असं त्यात होतं. माझ्या वहीतही जवळपास तेच. बायकांना हा आजार कमी होतो असं नाही हो. त्या काउंटरसमोर असायच्या, पण नवऱ्याची फाइल घेऊन, मुलाची फाइल घेऊन. कोणत्या गोळीची पट्टी कोणत्या खिशात ते त्यांना पाठ. प्रत्यारोपणाची गोष्ट निघाली की किडनी द्यायला आई पुढे, बायको पुढे. बायकोला किडनी द्यायला आलेला नवरा मी सतरा वर्षांत दोनदा पाहिला. दोघांचीही नावं अजून लक्षात आहेत, इतकं ते वेगळं होतं.

मार्च महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी जागतिक किडनी दिन असतो. २००६ पासून विमानवाली सोसायटी आणि किडनी फाउंडेशनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ मिळून तो पाळतात. आम्ही दर वर्षी कुठेतरी शिबिर लावायचो. २०१८ ला गंमत झाली, तो गुरुवार नेमका ८ मार्चला आला, महिला दिनाला, आणि त्या वर्षीचा विषयही किडनी आणि स्त्रियांचं आरोग्य हाच होता. सर म्हणाले, विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, लावू या.

मांडव, दोन टेबलं, बीपीचं यंत्र, लघवी तपासायच्या पट्ट्या. पट्टी बुडवायची, मिनिटभर थांबायचं. पिवळी राहिली तर बरं, हिरवट झाली तर प्रथिनं जातायत. दहा वाजेपर्यंत रांगेत पुरुषच. बायका मांडवाच्या कडेला, सुपात पानं घेऊन, विड्या वळत वळत बघत होत्या. मी जाऊन म्हटलं, "आज तुमच्यासाठीच आहे." एक म्हणाली, "आम्हाला काय झालंय?" दुसरी म्हणाली, "डबीत धरायचं आणि सगळ्यांसमोरून घेऊन यायचं? नको बाई." बरोबरच होतं तिचं. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. मग शेजारच्या एका घरातली मोरी मागून घेतली, टेबल त्या घराच्या मागच्या दारात नेलं आणि सरांना पुढच्या मांडवात बसवलं. दुपारपर्यंत एकशे वीस डब्या झाल्या. हाताला वास राहिला दिवसभर. नऊ पट्ट्या हिरव्या. त्या नऊ जणींच्या नावांची चिठ्ठी मी सरांना दिली आणि पुढचे दोन महिने फोन केले. चार आल्या. बाकीच्यांचे फोन नवरे उचलायचे.

सोसायटीच्या कुठल्या ठरावात 'मोरी मागून घ्या' असं लिहिलेलं नसतं. पण तारीख आणि विषय तिकडून आला नसता तर आम्ही घरकुलात गेलोही नसतो, हेही तितकंच खरं.

२०२१ ला मी काम सोडलं, सासूबाईंचं करायला. सरांचं पिशव्या देणं काही थांबलं नाही. गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, विमानवालीचं जागतिक अधिवेशन दिल्लीला झालं. सर जाऊन आले. घरी येऊन पिशवी दिली, चहा घेतला आणि म्हणाले, "या वेळी विमानवाली आपल्याकडे आली, आणि आम्ही आगगाडीने गेलो."

तर, मंडई. मी अक्कांना म्हटलं, "घेवडा नाही, किडनी आहे ती."

"किडनी? मुतखडा होतो ती?"

"तीच. तुमचे पाय बघू."

त्या पोत्यावर मांडी घालून बसलेल्या. "दिवसभर बसून सुजतात की ओ," म्हणाल्या, पण पाय पुढे केला. नडगीवर अंगठा दाबला आणि काढला. खळगा तसाच राहिला. बीपीची गोळी होती म्हणाल्या, दिवाळीत संपली. मी सांगितलं, सिव्हिलला जा, लघवी आणि क्रिएटिनिन करून घ्या, मंगळवारीच जा.

"मंगळवारी बाजार असतो."

"मग बुधवारी."

"बुधवारी बघू," म्हणाल्या, आणि मेथीवर कोथिंबिरीच्या चार काड्या ठेवल्या.

परवा बुधवारी मी मुद्दाम तीच पिशवी घेऊन गेले. पोत्यावर चौदा-पंधरा वर्षांची मुलगी बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने पिशवीकडे बघितलं.

"आई सिव्हिलला गेलीय," ती म्हणाली. "घेवडावाल्या ताई तुम्हीच का?"